दिसते ती धूळ आणि छातीत जाते ती धूळ

सागवानाच्या फळीवर सँडर (पॉलिश पेपर लावून घासणारं यंत्र) फिरवून झाला, मशीन बंद केलं. पाच-सात मिनिटांत खोलीतली हवा निवळल्यासारखी दिसते, फरशीवर भुशाचा थर बसलेला असतो आणि हात आपोआप मास्ककडे जातो. मास्क काढायची ही सगळ्यात वाईट वेळ. खाली बसला तो जाड भुसा. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ अजून तुमच्या नाकासमोर तरंगते आहे, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर असते. एवढ्या जाडीचा कण उभ्या माणसाच्या नाकापासून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून, सहा-सात सेकंदांत जमिनीवर पोचतो. १० मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर पडायला आठ मिनिटं लागतात, अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तास आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. हे आकडे पूर्ण स्थिर हवेतले आणि पाण्याइतक्या घनतेच्या गोल कणांचे आहेत. लाकडाचा कण हलका आणि वेडावाकडा असतो, त्यामुळे तो आणखी रेंगाळतो. वर छताचा पंखा चालू असेल तर बारीक कण खाली बसण्याचा प्रश्नच येत नाही.

जाड धूळ निरुपद्रवी असते असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, ते मुख्यतः नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांच्या कर्करोगामुळे. ही धूळ नाकातच अडकते, म्हणजे तुलनेने जाडच असते. हे आजार प्रामुख्याने फर्निचरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांत दिसले. घरी रविवारी काम करणाऱ्याला त्याआधी गाठतात ते दमा, सततची सर्दी, अंगाची खाज. सागवान आणि शिसव या दोन्ही लाकडांत काहींना ॲलर्जी आणणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. एकदा ती ॲलर्जी जडली की पुढे थोडीशी धूळही पुरते. एमडीएफची (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीची) गोष्ट वेगळी. ते मुळातच बारीक तंतूंचं बनलेलं असल्यामुळे त्याची धूळ पिठासारखी निघते आणि त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था पूर्ण पाळीच्या सरासरीसाठी घनमीटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवते. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीसाठी ती २ मिलिग्रॅम आहे. हा आकडा घरातल्या खोलीवर बसवून पाहू. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. एक मिलिग्रॅमच्या हिशोबाने त्या सगळ्या हवेत मिळून ३४ मिलिग्रॅम धूळ चालेल. चिमूटभर मीठ याच्या आठ-दहा पट भरतं. आता १.२ मीटर बाय ६० सेंटिमीटरचा टेबलटॉप घ्या आणि पॉलिश पेपरने त्याचा फक्त एक दशांश मिलिमीटर थर घासून काढा. सागवानाचे सुमारे ४७ ग्रॅम लाकूड भुकटी होऊन उडतं, म्हणजे ४७,००० मिलिग्रॅम. शंभरातले नव्याण्णव भाग जागीच पकडले तरी ४७० उरतात. त्यातला मोठा हिस्सा लवकर खाली बसतो हे खरं, पण मर्यादा ३४ ची आहे. म्हणून एखादं यंत्र आणून हा प्रश्न सुटत नाही. धूळ कमी करणं, उगमापाशी ओढणं, उरलेली बाहेर काढणं आणि तोवर मास्क न काढणं, हे चारही एकावर एक लागतात.

आधी धूळच कमी करा

हातरंध्याचे छिलके पायाशी पडतात, हवेत जात नाहीत. सपाटीचं काम रंध्याने आणि शेवटची सफाई पोलादी पात्याच्या स्क्रॅपरने केली, की पॉलिश पेपरचं काम निम्म्याहून कमी होतं. आपल्याकडचे सुतार फुटक्या काचेच्या धारेने खरवडतात, त्यामागेही हेच तंत्र आहे. मात्र काच वापरायची तर जाड हातमोजे घालूनच. पेपरच्या नंबरांतही उगाच वेळ जातो. वर लाख, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश येणार असेल तर बहुतेक कामात लाकूड १८० किंवा २२० नंबरवर थांबवता येतं. त्यापुढे ३२० आणि ४०० घासून लाकडाचं फारसं भलं होत नाही, फक्त जास्त बारीक धूळ तयार होते.

प्लाय आणि एमडीएफच्या अख्ख्या शीट घरी चिरू नका. मापांची यादी दिली तर मोठ्या प्लायच्या दुकानांतून बरेचदा पॅनल सॉवर कापून मिळतात. घरी उरतं ते बारीकसारीक कापणं. ते गच्चीवर किंवा अंगणात करा.

आणि मार्बल कटर. लाकूड कापायचं पातं लावून चार इंची मार्बल कटर चालवणं इतकं सर्रास आहे, की त्यात वावगं काही वाटेनासं झालंय. ११० मिलिमीटरचं पातं मिनिटाला १३,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची धार ताशी २७० किलोमीटर वेगाने जात असते आणि भुकटी त्याच वेगाने फेकली जाते. धूळ ओढायला पाइप जोडायची सोय बहुतेक मॉडेलांत नसते. लाकडासाठी लागणारं स्प्रिंगचं सुरक्षा-कव्हर नसतं, हा तर धुळीहूनही मोठा धोका. पाइप जोडता येणारी साधी सर्क्युलर सॉ घेतली की दोन्ही गोष्टी सुधारतात.

उगमापाशी ओढणं: फुंकर आणि ओढ यांतला फरक

हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकून विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. नाही जमत. फुंकर झोतासारखी सरळ जाते, पण ओढ चहूबाजूंची हवा घेते. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो, तो तोंडापासून १०० मिलिमीटरवर गेलं की दहाव्या भागाच्याही खाली येतो. म्हणून टेबलावर फूटभर दूर ठेवलेला व्हॅक्यूमचा पाइप जवळपास काहीच करत नाही. पाइपचं तोंड पात्याला किंवा पेपरला खेटून हवं, आणि जमेल तिथे धूळ ज्या दिशेने फेकली जाते त्या वाटेत हवं. यंत्राभोवती जितकं बंदिस्त करता येईल तितकं चांगलं. ओढीची ताकद वाढवण्यापेक्षा फटी बुजवणं स्वस्त पडतं.

ओढणारी यंत्रं दोन जातींची असतात आणि ती एकमेकांची कामं करू शकत नाहीत. वेट-ड्राय व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी, सेकंदाला ३० ते ६० लिटर. बारीक पाइपमधून, अरुंद छिद्रांतून ओढायला तो योग्य. सँडर, ट्रिमर (कडा छाटणारं हातयंत्र), हातातली सॉ याला जोडावी. डस्ट कलेक्टरची ओढ मवाळ, पण हवा भरपूर. टेबल सॉ, थिकनेसर (फळीची जाडी एकसारखी करणारं यंत्र) अशा उघड्या यंत्रांना तोच लागतो.

व्हॅक्यूम घेतल्यावर सगळे चुकतात ते फिल्टरपाशी. खोक्यात येणारा स्पंजचा फिल्टर पाणी ओढण्यासाठी असतो. तो लावून एमडीएफची धूळ ओढली, तर जाड भाग टाकीत राहतो आणि बारीक धूळ मागून, मोटरच्या गरम झोतासह, छातीच्या उंचीवर खोलीत परत येते. त्यापेक्षा न ओढलेली बरी. कोरड्या कामाला घडीचा कार्ट्रिज फिल्टर लावा, शक्यतो हेपा दर्जाचा (अगदी बारीक कणही अडवणारा), आणि आत न विणलेल्या कापडाची पिशवी बसवा. पिशवी नसेल तर एमडीएफ घासताना कार्ट्रिज काही मिनिटांतच माखतो आणि ओढ मरते. कार्ट्रिज हाताने आपटून झटकायचा असेल तर घराबाहेर, मास्क लावून. कंप्रेसरचा जोराचा झोत कागदाला भोकं पाडतो, ती दिसतही नाहीत.

सँडरच्या १२५ मिलिमीटरच्या तबकडीला आठ छिद्रं असतील, तर पेपरची छिद्रं त्यावर नेमकी जुळली पाहिजेत. अर्धं छिद्र झाकलं की धूळ पेपरखालीच दळली जाते, पेपर गरम होतो आणि लाकडावर चक्राकार ओरखडे उठतात. जाळीचा पेपर मिळाला तर ही कटकटच उरत नाही. सँडरसोबत येणारी छोटी कापडी पिशवी काढून बाजूला ठेवा. व्हॅक्यूम सँडरच्या आधी चालू करा आणि सँडर बंद झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी बंद करा. ओढ फार जास्त झाली तर तबकडी लाकडाला चिकटून थरथरते. अशा वेळी व्हॅक्यूमच्या नळीवरची हवेची खिडकी थोडी उघडावी.

विजेचाही हिशोब करा. १४०० वॉटचा व्हॅक्यूम आणि १८०० वॉटची सॉ एकदम चालली की १४ ॲम्पिअर लागतात. ६ ॲम्पिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर दोन्ही लावले तर वायर तापून वितळू शकते. दोघांसाठी १६ ॲम्पिअरची वेगळी लाइन हवी.

सायक्लोनची बादली

व्हॅक्यूमच्या आधी प्लास्टिकचा शंकूच्या आकाराचा सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं भांडं) बसवला, की जाड भुसा खालच्या बादलीत पडतो आणि फिल्टर कितीतरी जास्त टिकतो. पण सायक्लोन हा फिल्टर नव्हे. वजनाने बहुतांश भुसा तो वेगळा करतो, अगदी बारीक कण मात्र हवेसोबत पुढे जातात. म्हणजे सायक्लोन असला तरी पिशवी आणि कार्ट्रिज लागतातच.

बादलीसाठी रंगाचा रिकामा २० लिटरचा डबा सगळ्यांना सुचतो. नळी मध्येच तुंबली की हा डबा पत्र्याच्या डब्यासारखा चेपला जातो. कारण साधं आहे. व्हॅक्यूम २० किलोपास्कलपर्यंत ओढ निर्माण करतो, आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर त्याचा भार होतो जवळजवळ १४० किलो. एकात एक असे दोन डबे घाला आणि झाकणाच्या आत १२ मिलिमीटर प्लायची गोल तबकडी बोल्टने आवळा. झाकणाची कड हवाबंद असणं सगळ्यात महत्त्वाचं. तिथून हवा आत शिरली तर खाली बसलेला भुसा पुन्हा उसळतो आणि सगळा व्हॅक्यूममध्ये जातो. सायक्लोन 'चालत नाही' अशी तक्रार असली, तर आधी या कडेला रबराची पट्टी लावून बघा.

डस्ट कलेक्टर असेल तर पाइपचा व्यास ठरवतो किती हवा वाहील. भुसा पाइपमध्ये साचू नये म्हणून हवेला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. त्या वेगाने १०० मिलिमीटरच्या पाइपमधून सेकंदाला १५७ लिटर हवा जाते, १५० मिलिमीटरच्या पाइपमधून ३५३. अर्ध्या पाइपात सगळं काम होईल या आशेने व्यास कमी करू नका. प्लंबिंगच्या दुकानातले ११० मिलिमीटरचे ड्रेनेज पाइप घरच्या कामाला चालतात. काटकोनाच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावा, मध्ये छोटा सरळ तुकडा ठेवा. वळ्यांची लवचिक नळी शक्य तितकी आखूड, यंत्रापाशी मीटरभर पुरे. पाइपला हात लावताना स्थिर विजेचे झटके बसत असतील, तर उघडी तांब्याची तार पाइपला गुंडाळून अर्थला जोडा. खरी आग लागते ती ठिणगीने. ज्या यंत्राने लाकडाचा भुसा ओढता, त्याने ग्राइंडरच्या ठिणग्या कधीही ओढू नका. भुशात पडलेली ठिणगी तासन्‌तास धुमसत राहते आणि पेट घेते ती सगळे झोपल्यावर.

कलेक्टरची कापडी पिशवी हाताने चाचपून बघा. साधी पिशवी नवी असताना साधारण ३० मायक्रॉनहून मोठेच कण अडवते, बारीक खोलीभर फवारते. तिच्या जागी घडीचा कार्ट्रिज बसवा. ते शक्य नसेल तर पूर्ण कलेक्टर बाल्कनीत किंवा बाहेरच्या पडवीत ठेवून फक्त पाइप भिंतीतून आत आणा. पावसापासून आडोसा मात्र हवा.

खोलीतली हवा

युरोप-अमेरिकेतले सल्ले वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. तिथे हिवाळ्यात हीटरने तापवलेली हवा बाहेर फेकणं परवडत नाही, म्हणून छताला फिल्टरची पेटी टांगून तीच हवा पुन्हा फिरवतात. महाराष्ट्रात खिडकी वर्षभर उघडी ठेवता येते. आपल्याकडे एक्झॉस्ट फॅन हा जास्त सरळ उपाय आहे. त्याचा आणखी एक फायदा असा की खोलीत दाब किंचित कमी राहतो. हवा घरातून खोलीत येते, खोलीतून घरात जात नाही. फिल्टरची पेटी हे करू शकत नाही.

हिशोब असा. ३४ घनमीटरच्या खोलीतली हवा तासाला दहा वेळा बदलायची तर तासाला ३४० घनमीटर लागतात. हवा पूर्ण मिसळते असं धरलं तर त्या गतीने २८ मिनिटांत ९९ टक्के धूळ निघून जाते, पाच वेळा बदलली तर ५५ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात कोपऱ्यात हवा अडकते आणि पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, म्हणून तो आकडा निम्मा धरून, गरजेच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घ्या. ३०० मिलिमीटरचा चांगला एक्झॉस्ट बहुतेक खोल्यांना पुरतो.

हवा आत यायलाही वाट हवी, हे विसरलं जातं. ३०० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड ०.०७ चौरस मीटरचं असतं. बंद दाराखालची एक सेंटिमीटरची फट त्याच्या जेमतेम आठवा भाग. अशा खोलीत पंखा नुसता गरगरतो. समोरच्या भिंतीची खिडकी किंवा दार हातभर उघडं ठेवा. येणारी हवा गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरातून ओढली जात असेल, तर गिझर चालू असताना एक्झॉस्ट लावू नका, त्याचा धूर खोलीत खेचला जातो.

हवेच्या वाटेत उभं कसं राहायचं, याला फार किंमत आहे. पाठीवर वारा घेऊन काम केलं तर शरीरासमोर भोवरा तयार होतो आणि धूळ थेट चेहऱ्यावर येते. वारा एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जाईल असं टेबल लावा. छताचा पंखा काम चालू असताना बंद. उकाडा सहन होत नसेल तर स्टँडचा पंखा बाजूने, कमी वेगावर, एक्झॉस्टच्या दिशेने.

खिडकी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उघडत असेल तर फिल्टरची पेटी घ्यावी लागेल. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने रूढ झालेली रचना घरी करता येते. चार फिल्टरची चौकट, तळाला पुठ्ठा, वर बाहेर फेकणारा पंखा. फिल्टर मर्व्ह १३ दर्जाचे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं अमेरिकी मानांकन), बाण आतल्या बाजूला, सगळे सांधे टेपने बंद. आधी साधा धूळ-फिल्टर लावला की महागडे फिल्टर टिकतात. उगमापाशी ओढ नसेल तर ही पेटी उपयोगाची नाही. तिच्यापर्यंत पोचण्याआधी धूळ तुमच्या नाकावरूनच जाते.

मास्क आणि झाडू

रुमाल, गमछा किंवा सर्जिकल मास्कच्या कडेने हवा आत जाते, कापडातून नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला एफएफपी२ मास्क किंवा खरा एन९५ घ्या, कानामागे नव्हे तर डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असेल तर कोणताच असा मास्क नीट बसत नाही. रोज काम असेल तर बदलता येणाऱ्या पी३ (धुळीसाठीचा वरचा दर्जा) फिल्टरचा रबरी अर्धमुखवटा शेवटी स्वस्त पडतो. पॉलिश किंवा थिनरच्या वासाला धुळीचा फिल्टर रोखत नाही, त्याची कार्ट्रिज वेगळी.

खोली झाडूने झाडू नका. बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. आधी अर्धा तास एक्झॉस्ट, मग व्हॅक्यूम, शेवटी ओलं फडकं, तेही वरून खाली: ट्यूबलाइटच्या पट्ट्या, फळ्या, मग फरशी. कपड्यांवरची धूळ कंप्रेसरच्या झोताने उडवायची सवय असेल तर आजच मोडा. कामाचा ॲप्रन खोलीतच राहू द्या.

व्यवस्था चालते का, हे रात्री कळतं. दिवे बंद करा, एखाद्याला सँडर चालवायला सांगा आणि सुमारे दोन मीटरवर जोरदार टॉर्च अशी ठेवा, की तिचा झोत धुळीतून तुमच्याकडे येईल. टॉर्चचं तोंड थेट डोळ्यांना दिसणार नाही असा पुठ्ठा मध्ये धरा, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. कवडशात धुळीचे कण दिसतात तसे इथेही दिसतात आणि ते नेमके कुठून निसटताहेत तेही कळतं. बहुतेक वेळा नळीचा सांधा किंवा व्हॅक्यूमची मागची बाजू सापडते.

स्वस्त पीएम २.५ मीटरही (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण मोजणारा) उपयोगी आहे, पण तुलनेपुरता. त्याचं मोजमाप लाकडाच्या धुळीसाठी जुळवलेलं नसतं आणि पावसाळ्यात दमटपणामुळे तो आकडा फुगवतो. भारतात बाहेरच्या हवेसाठी पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. ती वर सांगितलेल्या १ मिलिग्रॅमशी ताडू नका, दोन्हींत मोजले जाणारे कण वेगळे आहेत. काम सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. सँडर बंद केल्यावर मीटर पुन्हा त्या आकड्याच्या आसपास यायला किती मिनिटं लागतात ते बघा. सायक्लोनची कड बुजवल्यावर, फिल्टर बदलल्यावर, समोरची खिडकी उघडल्यावर पुन्हा मोजा. त्या मिनिटांइतका वेळ मास्क चेहऱ्यावर असू द्या.